मानेखालचा हात

पाणी मला घाबरवत नाही. ही फुशारकी नाही, त्यावरच माझं पोट चालतं. मी पोहण्याच्या तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. लहान मुलं सोपी असतात. त्यांना पाण्यात सोडलं की ती हातपाय मारतात आणि वर माझ्याच तोंडावर पाणी उडवतात. खरा कस लागतो तो मोठ्या बायकांपुढे. घर, नोकरी, सासर, मुलांच्या परीक्षा, सगळं ज्यांनी एकहाती निभावलेलं असतं, त्याच बायका कमरेएवढ्या पाण्यात माझा दंड असा काही आवळतात की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ जात नाहीत.

त्यांच्यासाठी माझी एक पद्धत आहे. बाईला पाण्यावर उताणं झोपवायचं, मानेखाली हात ठेवायचा आणि बोलत राहायचं. बोलता बोलता हात काढून घ्यायचा, पण ते सांगायचं नाही. सांगितलं की माणूस बुडतो.

माझी धाकटी नणंद ही माझी सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. अख्खा उन्हाळा तिने तलावाचा कठडा सोडला नाही. तेव्हापासून तलावावर सगळे तिला कठडेवाली म्हणतात, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. शेवटी एकदा ती माझ्या हातावर पडून ऑफिसातल्या साहेबांच्या तक्रारी सांगत होती, तेव्हा मी हात काढला. तक्रारी संपल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच तरंगतोय. पुढे आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही आणि त्यानंतर पाण्यातून बाहेर यायला तयार होईना.

तपासणीच्या दिवशी आत सोबतीला मी तिलाच घेतलं. नवरा बाहेर बसलेला बरा. तो चष्मे बनवतो, भिंगाची कड केसभरही इकडची तिकडे होऊ देत नाही, पण सुई दिसली की रोग्याआधी तोच आडवा होतो.

तपासणी गर्भनलिकेची होती. एकाच नळीची, कारण उजवी मला आता नाही. मागच्या खेपेला गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नाही, नळीतच वाढला. नळी फुटली आणि माझा जीव वाचवायला ती काढून टाकावी लागली. त्यानंतर बरेच महिने गेले आणि काहीच झालं नाही. नवऱ्याच्या तपासण्या ठीक आल्या, माझ्या बाकीच्याही ठीक आल्या. प्रश्न उरला एवढाच, की डावी नळी उघडी आहे की बंद. बंद निघाली तर आपसूक दिवस राहण्याची आशा सोडायची आणि प्रयोगशाळेचा लांबचा रस्ता धरायचा. तेही आम्ही दोघांनी बोलून ठेवलं होतं. पण मला ती नळी उघडी हवी होती. इतकं मनापासून दुसरं काही मी त्या वर्षात मागितलं नव्हतं.

बोलताना मात्र मी सगळ्यांना सांगत सुटले होते की विशेष काही नाही, जाऊन यायचं.

खोली लहान होती. पलंगावर कागदी चादर होती, ती हललं की कुरकुरायची. पलंगाशेजारी सोनोग्राफीचं मशीन होतं, आणि त्याचा पडदा डॉक्टरबाईंनी मलाही दिसेल असा वळवून ठेवला. डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. मला अशी माणसं आवडतात.

"एक बारीक मऊ नळी पिशवीच्या तोंडातून आत जाईल," त्या म्हणाल्या. "तिच्यातून थोडा फेसाळ द्रव सोडू. सोनोग्राफीत तो पांढरा दिसतो. तुमची डावी नळी उघडी असेल तर ती पांढरी रेघ पुढे जाऊन टोकाला बाहेर सांडेल. नसेल तर वाटेत थांबेल. पाळीत येते तशी कळ येईल. गोळी घेतलीत ना?"

"घेतली. पण मला कळांचं काही वाटत नाही हो," मी म्हणाले.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी 'मला तसं थोडंफार येतं' म्हणणाऱ्यांकडे मी असंच बघते.

"मोठा श्वास घ्या," नर्स म्हणाली.

मी घेतला, आणि सवयीने धरून ठेवला. छाती भरलेली असेल तर माणूस वर राहतो, हे मी रोज तलावाच्या काठावरून घसा फोडून सांगते. पोट आत गेलं, मांड्या ताठ झाल्या, पायांची बोटं टोकदार झाली. शर्यतीत उडी मारण्याआधी व्हावं तसं माझं सगळं अंग तयार झालं. आपण फार शहाण्यासारखं वागतोय असं तेव्हा मला वाटत होतं.

ती बारीक नळी आत गेली आणि कळ आली. चांगलीच आली. पडद्यावर पिशवीचा आतला भाग पांढरा होत गेला. उजव्या कोपऱ्यात काही होणार नव्हतंच. डाव्या कोपऱ्यापर्यंत पांढरं आलं आणि तिथेच थांबलं. डॉक्टरबाईंनी हळूच थोडा द्रव आणखी सोडला. कळ वाढली, रेघ जागची हलली नाही.

मी पडद्यावरून नजर काढून डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

"बंद आहे ना?" मी विचारलं. "सांगून टाका. मला स्पष्ट सांगितलेलं चालतं."

"मी बंद म्हटलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळीच्या सुरुवातीला स्नायू असतो. तो आखडला तर उघडी नळीसुद्धा बंद दिसते. दुखलं तरी आखडतो, माणूस ताठला तरी आखडतो. जरा थांबू, द्रव थोडा कोमट करू आणि पुन्हा बघू. तोवर तुम्ही सैल व्हा."

"मी सैलच आहे."

"अहो, तुमच्या मांडीवर खिळा ठोकला तर खिळा वाकेल," नर्स म्हणाली.

मला तिचा राग आला. ज्या बाईने इतक्या जणींना सैल व्हायला शिकवलं, तिला ही सांगणार. मी तिला दाखवायला म्हणून सैल व्हायचा प्रयत्न केला आणि आणखीच ताठले. डोळे मिटले तरी तो पांढरा, अडलेला कोपराच दिसत होता. मला भीती वाटत होती. खूप दिवसांपासून वाटत होती, आणि आता ती लपवायला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात कठडेवाली पलंगाला वळसा घालून माझ्या डोक्याशी आली.

"वहिनी, तू श्वास धरून ठेवलायस."

"धरायचाच असतो."

"पाण्यात. इथे कुठे बुडायला निघालीस?"

आणि तिने माझ्या मानेखाली हात घातला. पंजा नाही, नुसती बोटं, मानेच्या खळग्यात, मी ठेवते तशीच.

"डोकं जड होऊ दे," ती म्हणाली. आवाजही माझाच काढला होता, तो ठेवणीतला दरडावणीचा. "मला दे ते. कान पाण्यात. पोट उचलायला जाऊ नकोस, ते आपलं आपण येतं. पाय तुझे नाहीतच असं समज."

"माझी नक्कल करतेस?"

"उन्हाळाभर ऐकलंय, पाठ होणारच. श्वास सोड. अजून सोड. अगं, सगळा सोड, कुणी चोरून नेत नाही."

मी सोडला. डॉक्टरबाईंनी पुन्हा सुरू करत असल्याचं सांगितलं. मला ते ऐकू आलं, पण कठडेवाली थांबेना. ती आपल्या भावाचं सांगू लागली. लहानपणी टोचायला नेलं की हा टेबलाखाली जाऊन बसायचा. आणि आज बाहेर त्याने काय केलं, तर काउंटरवरच्या बाईला हळूच विचारलं, पेशंटच्या नवऱ्याला पण ती दुखण्याची गोळी मिळते का.

मला हसू फुटलं. घशातून नाही, पार पोटातून. हसण्याबरोबर उरलासुरला श्वास निघून गेला आणि मी तो परत ओढून घेतला नाही. कळ होती, पण आता मी तिच्याशी भांडत नव्हते.

"बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले. डाव्या कोपऱ्यातून पांढरी रेघ बाहेर पडली होती. ती वाकडीतिकडी पुढे जात राहिली आणि टोकाशी पोचून बीजांडकोशाच्या कडेने पसरली.

"उघडी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चांगली उघडी आहे. मूल होईलच असं मी म्हणणार नाही, ते कुणीच म्हणू नये. पण वाट मोकळी आहे."

मी रडले. ऑपरेशननंतर घरी आले तेव्हा रडले नव्हते, लोक धीर द्यायला आले तेव्हा रडले नव्हते. ते सगळं त्या कागदी चादरीवर रडून घेतलं. मला खूप, खूप आनंद झाला होता. नर्सने हातात कागदी रुमाल दिले आणि ती मघाचीच नर्स मला एकदम गोड वाटायला लागली.

बाहेर आलो तर नवरा उभाच होता. बसायला खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो उभा होता.

"उघडी आहे," मी म्हणाले.

तो खाली बसला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि बराच वेळ माझा हात धरून राहिला. चष्मा सदऱ्याने पुसू नका म्हणून तो गिऱ्हाइकांना किती बोलतो, हे मला माहीत आहे.

"आणि तुला मिळाली का गोळी?" मी विचारलं.

"कसली गोळी?"

"काउंटरवर मागितलीस ती."

"मी कशाला मागेन? मी जागचा हललोसुद्धा नाही."

मी कठडेवालीकडे पाहिलं. ती रस्त्यावरची रहदारी अगदी मन लावून बघत होती. मग मला आठवलं. पांढरी रेघ पुढे सरकत होती तेव्हा ती पलीकडे पडद्याजवळ, नर्सच्या बाजूला उभी होती. तिचे दोन्ही हात तिच्या स्वतःच्या तोंडावर होते.

"हात कधी काढलास गं?" मी विचारलं.

"गोळीच्या गोष्टीआधीच," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर बुडाली असतीस."