जेवण झालं का, काकू?

मित्रांनो, माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीचे झाकण रबराने बांधलेले आहे आणि आवाजही आताशा घोगरा झाला आहे. जबलपूरच्या मदन महल भागात, पार्वताबाई रामटेके यांच्या खिडकीजवळच्या स्टुलावर मी पडून असतो. असा मी एक जुना मोबाईल फोन.

मला कोणत्या कारखान्यात घडवले ते आठवत नाही. आठवते ते जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारातले दुकान. पार्वताबाईंच्या मुलाने, प्रितमने, पहिल्या पगारातून मला तिथून घरी आणले. त्याचे वडील टिकारामजी फॅक्टरीत मशीनवर काम करणारे. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "काम सफाईदार आहे हो!" त्या शब्दांनी मी किती फुगलो होतो! पुढे टिकारामजींचा शेवटचा हसरा फोटो मीच काढला. आज तोच भिंतीवर आहे.

प्रितम बेंगळुरूला गेला, त्याने नवा फोन घेतला आणि मी पार्वताबाईंच्या वाट्याला आलो. आधी मला वाईट वाटले. पण त्या मला रोज पदराने पुसत. प्रितमचा फोन कधीही येईल म्हणून माझी बॅटरी उतरू देत नसत. फोन यायचा तो रविवारी, तोही घाईत. नातीला मराठी कळते, पण ती उत्तर हिंदीतच देते. "अच्छा दादी, चलो, बाय!" की संपले. टिकारामजी गेल्यापासून त्या घरात मराठी बोलायला कोणी उरले नव्हते. पार्वताबाई भाजीवाल्याशी हिंदीत बोलत आणि स्वयंपाकघरात कुकरशी मराठीत. ते ऐकायला फक्त मी असे.

बुद्धपौर्णिमेला नेसण्यासाठी त्यांनी शेजारच्या हर्षाकडून माझ्यावरच एक पांढरी साडी मागवली होती. साडी लवकर येईना. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"जय भीम, काकू! जेवण झालं का?"

पार्वताबाई सावरून बसल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"झालं बाबा. कोण बोलून राहिला तू?"

"तुम्ही साडी मागवली ना, त्या कंपनीतून बोलून राहिलो. पार्सल अडकलं काकू. आता तुमच्या फोनवर एक नंबर येईल. तेवढा सांगा, उद्या साडी घरी."

मित्रांनो, तो नंबर माझ्यावर आला आणि मी हादरलो. तो साडीचा नव्हताच, बँकेचा होता! टिकारामजींच्या फंडाचे सारे पैसे त्या खात्यात होते, पार्वताबाईंच्या म्हातारपणाचा तेवढाच आधार. 'हा कोणालाही सांगू नका' असे त्याखाली इंग्रजीत लिहिले होते, पण पार्वताबाईंना इंग्रजीतले फक्त आकडे वाचता येत. मी थरथरलो. पण संदेश आला की मी नेहमीच थरथरतो, त्यांना काय कळणार?

त्यांनी चष्मा लावला. "चार... सात..." आणि त्या थांबल्या. संशय आला म्हणून नव्हे. नंबर सांगितला की हा फोन ठेवेल, एवढीच त्यांना भीती वाटली.

"सांगते रे. पहिले हे सांग, तू कोण्या गावचा?"

"भंडाऱ्याचा."

"अगं बाई! माझं माहेर पवनीचं. तुझ्या मायचं माहेर कोणतं?"

आमच्याकडे हा प्रश्न साधा नसतो. त्यानंतर गावे निघतात, आडनावे निघतात, कुठेतरी नाते जुळतेच, आणि चहा निवून जातो.

"ते राहू द्या काकू. नंबर सांगा."

"सांगते ना. पण मायचं गाव?"

"टाइम नाही माझ्यापाशी! नंबर बोला लवकर, नाही तर खातं बंद होऊन जाईल!"

पार्वताबाईंनी चष्मा काढला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माय विचारली तर काहून खेकसतो रे? आपला माणूस असा नाही बोलत. अन् साडीवाल्याले माझ्या खात्याचं काय काम?" त्यांनी लाल बटण दाबले. त्याच्या फोनने मी पुन्हा पुन्हा वाजत राहिलो, पण त्यांनी मला पालथे ठेवले.

संध्याकाळी हर्षा आली. साडी वाटेतच होती, काहीच अडकले नव्हते. तिने बँकेला कळवले, १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली आणि हिंदीत समजावले, की दुकानवाले फोन करून बँकेचा ओटीपी कधीच मागत नाहीत. कोणी घाई केली, धाक दाखवला, की फोन कट. ऑर्डर कुठे आहे ते आपणच अ‍ॅपमध्ये पाहायचं. "मौसी, बच गईं आप!"

हर्षा गेल्यावर पार्वताबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. भिंतीवरच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, "चोरच होता तो. पण जेवली का म्हणून त्यानंच विचारलं हो." मग त्या रडल्या. मला फार एकटे वाटले. साऱ्या जगाचे आवाज मी पोहोचवतो, पण मला स्वतःचा आवाज नाही.

तेव्हा मित्रांनो, गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला तुमचे आकडे कधी सांगू नका. घरातल्या मोठ्यांनाही हे नीट समजावून सांगा. आणि माझे आणखी एक मागणे आहे. तुमचेही कोणी दूर गावी असाच जुना फोन जवळ घेऊन बसले असेल. कुण्या भामट्याने विचारण्याआधी तुम्ही त्यांना त्यांच्याच बोलीत विचारा, जेवण झालं का? माझी बॅटरी आता फार टिकत नाही. तरी प्रितमचा तसा एक फोन येईपर्यंत मी जागा राहणार आहे.