नदीपार चेंडू

केसानं गळा कापणारे मी पुष्कळ बघितलेत. आमच्या उंब्रज गावानं फेटा बांधून कापला.

माझे मालक, शोएब, बेसबॉल खेळायचे, तेही पगारी. आखातातल्या एका लीगमध्ये दोन हंगाम आउटफिल्डर होते. म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं, उंच आलेला चेंडू झेलायचा आणि तिथून एका दमात आत फेकायचा. सगळी किंमत उजव्या हाताची. तिसऱ्या हंगामाचं बोलणं पक्कं झालं होतं, आणि मधल्या सुट्टीत हे गावी आले.

गावाला बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण सत्कार कसा करायचा ते पक्कं ठाऊक. हलगी, गुलाल, उघडी जीप, मग कृष्णेच्या घाटावर भाषणांवर भाषणं. थंडीचे दिवस, बसून बसून ह्यांचं अंग गारठलेलं. शेवटी लालासाहेब नाना उठले. सासरे गेल्यावर ह्यांच्या पाठीवर हात ठेवणारा गल्लीतला हा एकच माणूस.

"भाषणं बास! फेक की रं गड्या, चेंडू नदीपार. बघू दे गावाला."

ह्यांनी हात जोडले. "नाना, आंग मोकळं न्हाई. खांद्याला लागंल."

माणसं हसली. नव्या नवरीसारखा लाजतोय, असंच वाटलं सगळ्यांना. नानांचा शब्द ह्यांना मोडवेना. फेकला. चेंडू पलीकडच्या उसात जाऊन पडला, शिट्ट्यांनी घाट दणाणला. बायकांच्या घोळक्यातून मला ह्यांचा चेहरा दिसला. हसत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

मिरजेत खांद्याचं ऑपरेशन झालं. घास तोंडापर्यंत जातो, त्याच्या वर हात जात नाही. लीगवाल्यांनी दुसरा घेतला. आता हे सासऱ्यांच्या गाद्या-उशांच्या दुकानात बसतात. खेळ का सोडला विचारलं तर सांगतात, वय झालं. वय एकतीस!

आणि दर वर्षी उरुसाच्या स्पर्धांना गाव ह्यांना फेटा बांधून व्यासपीठावर बसवतं. नाना तीच फेक पुन्हा सांगतात. नदी दर वर्षी रुंद होते.

काल नाना उरुसाचं आमंत्रण घेऊन आले, हे घरीच होते. मला एवढंच हवं होतं, की ज्यानं हे केलं त्यानं एकदा तरी ते जाणावं. चहा पुढ्यात ठेवला आणि बोलून टाकलं.

"नाना, त्याच फेकीनं ह्यांचा खांदा गेला. तुमी म्हणाला म्हणून फेकला ह्यांनी."

नानांनी बशी खाली ठेवली. "व्हय रं शोएब?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आवं न्हाई नाना. कायबी बोलती ही. खांदा तिकडं गेला, खेळताना."

नानांचा जीव भांड्यात पडला. "तरी म्हनलं!" म्हणत त्यांनी चहा संपवला आणि काठी घेऊन गेले.

मी भडकले. "खोटं का बोलला तुमी? मला तोंडघशी का पाडलं?"

ह्यांनी डाव्या हातानं नानांची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ती एक फेकच उरलीया माझ्याकडं, अल्फिया. तीबी काढून घेतीस व्हय?"

मी चुलीपुढे बसून पोटभर रडले. दुसरं काय करणार?

आज न्यायला गाडी आली. मी ह्यांचा उजवा हात धरून हळूच सदऱ्याच्या बाहीत घातला आणि बटणं लावून दिली. बाहेर हलगी सुरू झाली होती.