वास घेतलेला हार

पोरीला काम लागायच्या आधीच तुळसाबाईने बिडीच्या मुकादमाला निरोप धाडला, की उद्यापासून आमच्या घरी वळायला पानं नको. तिचा धीर कुठे निघतोय! दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती तपासून साफ बजावलं होतं, तंबाखूची धूळ सोडली नाही तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही. नवरा मागेच गेलेला. आता पोरीने, जयवंताने, कमवायचं आणि मायने बिड्या सोडायच्या, एवढाच हिशेब होता.

जयवंताजवळ सरकारी कागद होता. चौऱ्याहत्तर साली शहरातल्या सदर भागात बायकांसाठी पुष्परचनेचा सहा महिन्यांचा वर्ग निघाला, त्यात ती पहिली आली होती. पण त्या कागदाला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. सीताबर्डीवर एकानं तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "बुके? लग्नात हार लागते बाई, बुके कोण घेते?" दुसऱ्यानं दुकानात बाईमाणूस बसवत नाही म्हणून वाटेला लावलं. दोन दिवस पायपीट झाली. तिसऱ्या दिवशी महाल भागात गिरिधरजींच्या फुलांच्या दुकानी ती पोचली, ती नेमकी चतुर्थीला.

फुलांचा ढीग पडलेला, हार ओवणारा गडी तापानं फणफणलेला, आणि गिऱ्हाइकांचा तगादा. गिरिधरजींनी कागद पाहिलाच नाही. "निशिगंधाचा एक ओवून दाखव," म्हणाले.

जयवंता मांडी घालून बसली. वर्गात शिकवणाऱ्या शोभाताई सांगायच्या, डोळा फसतो, नाक फसत नाही. शिळं फूल वासावरून कळतं. म्हणून प्रत्येक मूठ ती आधी नाकाशी नेई आणि मग सुईत ओवी. हार असा उतरला, की शेजारचा अत्तरवाला उठून बघायला आला. गिरिधरजी मात्र तिच्या नाकाकडे बघत होते.

"पोरी, वास काहून घेतला?"

"ताजं हाये का पाहून राहिली होती. वर्गात असंच शिकवलं."

"गुच्छाचं ठीक आहे. वास घेतलेलं फूल देवाले चालते का? मायनं नाही सांगितलं?"

मायनं कसं सांगावं? छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, तेव्हा जयवंता चार वर्षांची होती. देवाच्या फुलांचे कायदे त्या टोपलीबरोबरच गेले.

"आमच्या घरी देव नाही," ती म्हणाली. खोटं बोलायला हवं होतं, हे तिला बोलून गेल्यावर कळलं.

"राहते कुठं?"

"इंदोऱ्याले."

ती वस्ती कोणाची, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. गिरिधरजींनी मान हलवली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता तरी आलं असतं. "हात चांगला आहे तुहा. पण माहं सारं गिऱ्हाईक देवळाचं."

"आता नाही घेणार वास, जी. तोंडाले फडकं बांधून बसीन."

"वासाचं नाही वं पोरी," ते हळूच म्हणाले, आणि हार पानात बांधून तिच्याच हाती दिला. त्यांच्या तो काय कामाचा!

घरी तुळसाबाईने बिड्या वळायचं सूप धुऊन दारात उन्हाला लावलं होतं. हार पाहून तिला कोण आनंद झाला. "पयल्याच दिवशी हार देला मालकानं!" तिने तो बुद्धाच्या तसबिरीला घातला आणि शेजारच्या प्रयागबाईला हाक मारून आणलं. "पाय वं, माह्या पोरीचं काम!" बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली, तरी ती हसतच होती.

प्रयागबाई गेल्यावर जयवंता म्हणाली, "माय, मुकादमाले परत निरोप दे. पानं दोघींची पाठव म्हणा."

तुळसाबाईने पोरीकडे पाहिलं. दारातलं सूप उचलून आत आणलं.

"प्रयागबाईकडं एक जुनं सूप आहे," ती म्हणाली, "तुह्यासाठी मागून आन."