थरथर कुणाची

तक्रार: क्लच सोडताना गाडी थरथरते.

हे वडिलांनी सांगितलं, मी गॅरेजच्या कार्डावर लिहीत होते. त्यांच्या मुलाने माझं पेन थांबवलं. "ताई, गाडी नाही, बाबांचा पाय थरथरतो. तेवढं लिहा."

"लिही बाई. पायाचं ऑइल बदलून मिळत असेल तर तेही बघ," वडील म्हणाले.

गाडी पन्नास वर्षांची, वडील शहात्तरचे. घरी ठरवून आले होते: दोष निघाला तर दुरुस्ती. नाही निघाला तर वडिलांचं गाडी चालवणं आजपासून बंद. निकाल माझ्या गळ्यात.

तपासणी: दोन चकरा. गाडी लोण्यासारखी.

कारण: गाडीत दोष नाही.

वडिलांनी वाद घातला नाही. फक्त डावा गुडघा तळव्याने दाबून धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"चोवीस वर्षं हेच करतेय मी," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

चोवीस वर्षं. रोज आठ-दहा गाड्या. आणि क्लच कसा सोडते मी? फटकन. पुढची गाडी वाट बघत असते.

"काका, तुम्ही क्लच कसा सोडता?"

"सावकाश. हा मागे आईच्या मांडीवर झोपलेला असायचा. धक्का बसला की भोंगा सुरू."

"बाबा!" मुलगा म्हणाला. पन्नाशीचा.

पुन्हा तपासणी: गॅरेजचा चढ, रिव्हर्स गिअर. पाय इतका हळू उचलला की माझाच मला राग आला.

गाडीला हुडहुडी भरली. आरसा, गिअरचा दांडा, माझे दात.

बॉनेट उघडून इंजिनाखाली पहार घातली. डावीकडून ते हललं नाही, उजवीकडून सहज वर आलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं एक तेल पिऊन फाटलं होतं. झटक्यात क्लच सोडणाऱ्याला ते कळणारच नव्हतं.

कारण: ~~गाडीत दोष नाही~~ माउंटिंग फाटलेलं. तपासणारीचा पाय घाईचा.

मुलाने ते दोनदा वाचलं.

नवं माउंटिंग बसवल्यावर वडिलांनी चढावर गाडी उलटी नेली, परत आणली. कुठे हू नाही की चू नाही. न्यूट्रलमध्ये टाकून त्यांनी पाय खाली ठेवला.

गाडी स्थिर होती, म्हणून दिसलं. गुडघा खरंच थरथरत होता. पेडलवर असेपर्यंत नाही, मोकळा सुटल्यावर.

तिघांनीही पाहिलं. माझ्या कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता.

मुलगा खिडकीशी वाकून उभा राहिला. मग वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला.

"डॉक्टरकडे जायचं. आत्ताच."

"आणि गाडी?"

"गाडीनेच. तुम्हीच चालवा."

वडिलांनी क्लच दाबला. "डॉक्टर गाडी नको म्हणाला, तर ऐकेन मी."

"ऐकाल, कधी नव्हे ते." मुलाने स्वतःचा पट्टा ओढला. "निघा. थांबा, तो ट्रक जाऊ द्या आधी."