गाठ माह्या अंगात हाये

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आसेगावच्या सोजरबाईला डाव्या स्तनातली गाठ आंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती, त्याचंच तिला नवल. दुखत नाही तर ही इथं करते काय? रोज ती बोटानं चाचपून बघायची, सरकते का, वाढली का. शेवटी नवऱ्याला सांगितलं, तर जगदेव तिच्याहून जास्त घाबरला. तिला घेऊन एसटीनं अकोल्याला गेला.

तिथल्या डॉक्टरांनी गाठीचा बारका तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला त्यांनी एकट्या जगदेवला आत बोलावलं. तो बाहेर आला तो डोळे पुसतच.

"काय म्हनते डॉक्टर?"

"आपरेशन करा लागते. म्या हो म्हनलं."

"कायचं आपरेशन?"

तो पुन्हा डोळे पुसू लागला. सोजरबाई उठली आणि सरळ आत गेली.

"डॉक्टरसाहेब, गाठ माह्या अंगात हाये. याइले सांगतलं ते मले सांगा."

"बाई, तुम्ही उगाच घाबराल."

"घाबरून तं आताबी राह्यली. कायले घाबराचं ते तरी समजू द्या."

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. कॅन्सर आहे, स्तन काढावा लागेल, त्याखालचा स्नायू आणि काखेतल्या गाठीही, असं म्हणत त्यांनी कागदावर छातीचं चित्र काढलं. सोजरबाईनं चित्रातला स्नायू पाहून स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"हा काढला तं हाताचं काय?"

"ताकद कमी होईल."

"आन् ठेवला तं?"

डॉक्टरांनी चित्रातल्या स्नायूवर बोट ठेवलं. काही ठिकाणी आता ठेवतात, म्हणाले. मग नागपूरला जाऊन विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागतो.

"जास्त कायनं जगते मानूस?"

"अजून कुणालाच नक्की माहीत नाही. मी आजवर सगळंच काढत आलो."

इतका शिकलेला माणूस माहीत नाही म्हणतो, याची तिला गंमत वाटली. आणि त्याच्यावर भरवसाही तिथूनच बसला.

"मंग ठेवा. मी शेक घेतो."

दारातून जगदेवनं हळूच विचारलं, "साहेब, शेकानं भाजते का?"

"कातडी काळवंडते," डॉक्टर म्हणाले. "पण बाई, गाठ स्नायूला चिकटलेली निघाली तर तो काढावा लागेल."

"तवा काढा. मंग मले खरं सांगा फक्त."

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं. स्नायू शाबूत होता. "आतून कशी होती वं गाठ?" तिनं नर्सला विचारलं.

"पांढरी. कच्च्या पेरूसारखी टणक."

सोजरबाई बराच वेळ त्यावर विचार करत पडली.

नागपुरात शेकाच्या रांगेत शेजारी मानोऱ्याकडची विमलबाई बसली होती. तिलाही छातीला पट्टी.

"तुमचं काय काय काढलं?" सोजरबाईनं विचारलं.

"काय मालूम बाई. मालकाले सांगतलं असंन."

"चाल, इचारू."

"मले नाई इचारता येत."

"मी हावो ना संगं."

विमलबाईनं पदर सावरला आणि दोघी डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.