विसाचं हलकं वजन

काटेवाल्यांची पोरगी एम.एस्सी. झाली तेव्हा गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, आता काय, नोकरी धावत येणार. नोकरी काही धावली नाही. साडेतीन वर्षं गेली. अर्ज झाले, मुलाखती झाल्या, नकाराची पत्रं आली, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छांना तोटा नव्हता.

काटेवाले म्हणजे तिचे वडील. प्रयोगशाळांतले आणि औषधांच्या दुकानांतले नाजूक तराजू ते दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. नकार आला की पोरगी पत्र वाचायची, घडी घालायची आणि वडिलांशेजारच्या स्टुलावर बसून पारडी पुसायला घ्यायची. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं म्हणायची. काटेवाल्यांना तिची सोबत हवीशी वाटायची, आणि ती तिथे बसलेली बघवायचीही नाही. त्यांची बायको असती तर तिनं पोरीला स्टुलावरून उठवलं असतं. पण तिला जाऊन आठ महिने झाले होते. उठवायचं कसं, ते काटेवाल्यांना जमत नव्हतं.

आत्या दर दोन दिवसांनी यायची. भावाकडे लक्ष द्यायला येते म्हणायची, पण तोंडाचा पट्टा भाचीवर चालायचा.

"काय गं प्रोफेसरीणबाई, आज कोण नाही म्हणालं?"

"आज सुट्टी आहे आत्या. उद्या म्हणतील."

मग एका औषधांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. प्रयोगशाळेत एकच जागा होती, आणि हातानं वजन करायची चाचणी होती. जायच्या आदल्या दिवशी पोरगी म्हणाली, "बाबा, ही शेवटची. इथेही नाही म्हणाले तर अर्ज बंद. दुकानाच्या पाटीवर माझं नाव घाला."

"पाटीवर जागा नाही," काटेवाले म्हणाले, आणि हातातला स्क्रू उगाच पुन्हा आवळला.

चाचणीच्या दिवशी ती दुपारीच परत आली. खांद्यावरची पिशवी न काढताच स्टुलावर टेकली.

"कशी झाली?"

"बाबा, मी तुमची चूक लिहून आले."

काटेवाल्यांना आधी काही कळेना. मग तिनं सांगितलं. प्रत्येकाला पावडरची एकेक बाटली वजन करायला दिली होती. जुना, दोन पारड्यांचा तराजू आणि पितळी वजनांची डबी. डबीत विसाची, म्हणजे वीस ग्रॅमची, वजनं दोन असतात. काटेवाल्यांच्या घरची रीत अशी, की काहीही मोजायच्या आधी ती दोन वजनं समोरासमोर पारड्यांत ठेवायची. पारडी सारखी राहिली तरच पुढे जायचं. पोरगी सात वर्षांची असल्यापासून हे करत आली होती.

"ठेवली, तर एक वर गेलं. चिमट्यानं उचलून बघितलं. त्याच्या कडेला खाच होती, बाबा. आपलं शिकायचं वजन."

काटेवाले उठले आणि त्यांनी खण उघडला. कामातून गेलेलं, झिजलेलं विसाचं एक वजन त्यांनी पोरीच्या सरावासाठी कधीपासून ठेवलं होतं. त्याच्या जागी नवंकोरं, लखलखीत वजन पडलेलं होतं. कारखान्याचं. बायको गेली त्या आठवड्यात कारखान्याची डबी त्यांच्याकडे साफ करायला आली होती. लोक म्हणत होते, दुकान चार दिवस बंद ठेवा. ते म्हणाले होते, हात चालू दे. हात चालले, लक्ष चाललं नाही.

"डबीच्या झाकणात तुमच्या तपासणीची चिठ्ठी होती," पोरगी म्हणाली. "चांगलं वजन वापरून मी बाटलीचं बरोबर उत्तर काढलं. तेवढंच लिहून उठता आलं असतं."

"मग उठायचं ना! कुणाला कळलं असतं?"

"मला."

काटेवाल्यांनी खण लावला.

"मी लिहिलं," ती म्हणाली, "दुसरं विसाचं वजन हलकं आहे, दुरुस्तीत बदललं गेलंय, दुरुस्ती करणारे माझे वडील आहेत. आता माझी नोकरी गेली, आणि तुमचं काम पण गेलं. रागवा."

रागवायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं. ते आत जाऊन चहा ठेवू लागले, तेव्हा मात्र त्यांना आपोआप हसू फुटलं, कितीतरी महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून, खरं वजन खिशात जपून कारखान्यात गेले. पोरीच्या नोकरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं वाटेत दहा वेळा ठरवलं. प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंपुढे त्यांनी वजन ठेवलं.

"मॅडम, चूक माझी. आठ महिने तुमच्या डबीत माझं वजन आहे."

"आठ मिलिग्रॅमनं हलकं. काल रात्रीच्या पाळीत आम्ही तपासलं," बाई म्हणाल्या. "त्या डबीवर आम्ही फक्त नवीन मुलांचा सराव घेतो, म्हणून निभावलं. पण सहा जण चाचणीला बसले होते काका. पाच जणांनी आकडा लिहिला आणि घरी गेले. तिला हे तुम्ही शिकवलंत?"

"विसाची दोन समोरासमोर ठेवायला तेवढं शिकवलं. बाकी कॉलेजनं."

"कॉलेजात सगळेच गेले होते."

काटेवाल्यांनी मान खाली घातली. मग ठरवलेलं सगळं विसरून विचारलं, "मग तिचं... काही होईल का?"

"सकाळीच पत्र पाठवलंय. एक तारखेपासून यायचंय. तुम्ही वडील आहात म्हणून नाही हं. तुमच्याकडून दुरुस्त होऊन आलेली डबी यापुढे तीच तपासून घेणार आहे."

"घेऊ दे," काटेवाले म्हणाले. "मॅडम, एक मागू? तराजूंची दुरुस्ती तुम्ही वहीत लिहिता ना? त्यात ही चूक लिहा. कुणी पकडली, तेही."

"कशाला उगाच? वजन बदललं, विषय संपला."

"लिहाच."

बाईंनी वही ओढली. तारीख घातली, वजन घातलं. "चूक पकडणाऱ्याचं नाव," असं म्हणून त्यांनी पोरीचं पहिलं नाव आणि आडनाव लिहिलं.

"मधलं राहिलं," काटेवाले म्हणाले. "पूर्ण लिहा. वडिलांच्या नावासकट."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि दोन्हींच्या मधल्या जागेत ते बारीक अक्षरांत बसवलं. काटेवाल्यांनी चष्मा लावला, वही आपल्याकडे फिरवून घेतली आणि ती ओळ सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली.