दोन देशांतली विद्यापीठं आणि आप्पांची पारख

सोनियाला डॉक्टरकीच्या दोन जागा मिळाल्या होत्या. एक नेपाळात, दुसरी बांगलादेशात. संध्याकाळपर्यंत एकीला होकार कळवायचा होता. मोबाईलवरच्या क्रमवारीच्या यादीत बांगलादेशातलं विद्यापीठ बरंच वर होतं, नेपाळातलं पार तळाशी.

“यादी कुणी केली?” चितेगावात अख्खी हयात मेंढरांमागं घालवलेल्या तिच्या आजोबांनी, आप्पांनी विचारलं.

“असतात आप्पा, मोठी माणसं.”

“असू दे. मेंढा घेताना आपण मालकाची बडबड ऐकत नाय. त्या मेंढ्याची कोकरं बघतो. तिथं शिकून आलेले डॉक्टर दाव मला.”

सोनिया खूप हसली, पण आप्पांचा शब्द तिला मोडवेना.

सकाळीच दोघांनी शेंद्रा गावी जाऊन बांगलादेशातल्या त्या विद्यापीठात शिकलेला डॉक्टर पाहिला. हुशार, हाताला चपळ. सोनियाचं मन तिथंच ठरलं. तरी दुपारी आप्पांनी तिला पुंडलिकनगरात नेलंच. तिथल्या डॉक्टर रत्नमाला नेपाळातल्या त्याच विद्यापीठात शिकलेल्या. दवाखाना एकाच खोलीचा. दोघं बाकावर टेकली.

समोर एक बाई चार वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. पोर खेळताना लई दमते, एवढंच तिला सांगता येत होतं. रत्नमालांनी पुन्हा पुन्हा छाती तपासली. मग म्हणाल्या, “माझी खात्री होत नाहीये. नेपाळातल्या माझ्या सरांना विचारते.”

‘डॉक्टर असून विचारतात?’ सोनियाला वाटलं.

फोन लागला तशा रत्नमाला खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेऊन स्पीकरवर पलीकडून एक म्हातारा, संथ आवाज हिंदीत म्हणाला, “दमल्यावर मुलगी उकिडवी बसते का, विचार.”

आईचे डोळे विस्फारले. “व्हय! दर वेळी! त्यांना तिथून कसं दिसलं?”

हिमालयाजवळ बसलेल्या माणसानं इथल्या पोरीचं बसणं ओळखलं होतं. सोनिया बाकावरून पुढं सरकून ऐकू लागली.

रत्नमालांनी हृदयाच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. “असं बसणं ही हृदयाच्या दोषाची खूण असते. आजच जा. अजून वेळ गेलेली नाही.”

त्या मायलेकी गेल्यावर सोनियानं हळूच विचारलं, “मॅडम, फोनवर उभ्या का राहिलात?”

“बसून बोलवतच नाही त्यांच्याशी.”

“मला शिकवतील ते?”

“नाही गं, निवृत्त झाले. आता त्यांचे विद्यार्थी शिकवतात. पण कुठं अडलं की तेही सरांनाच फोन करतात.”

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, “शेंद्र्याचाबी चांगला होता, पोरी. तू ठरव.”

सोनियानं पायरीवर बसून तिथंच नेपाळला होकार कळवला, आणि सरांचं नाव विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा आत पळाली.